बाई ‘नको’ म्हणाल्या

‘डेडिकेटेड’ हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं उठतं. शारजाच्या ऑफिसात बाईंना निरोप दिला, तेव्हा मॅनेजरने तो इतक्यांदा वापरला की केक कापायच्या आधीच माझी भूक मेली. डेडिकेटेड टीचर, डेडिकेटेड लेडी, डेडिकेशन म्हणजे काय ते आमच्या सीनियर मॅडमकडून शिकावं. याच माणसाने थोड्याच दिवसांपूर्वी बाईंचा वर्ग बंद केला होता. बाई हसत होत्या. लग्नाकार्याला नेसायची जांभळी साडी त्यांनी त्या दिवशी काढली होती. कोणीतरी मला म्हणालं, यल्ला, चला, फोटोत या. मी गेले नाही, कागदी प्लेट चुरगाळत कोपऱ्यातच उभी राहिले.

बाई म्हणजे माझ्या बाई नव्हेत. मी त्यांच्याकडे कधी शिकले नाही, त्यांच्या हाताखाली काम केलं. पण शिकवणाऱ्या बाईला आपण दुसरं काय म्हणणार? त्या पुण्याच्या, मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातली. आमच्याकडे ईद, त्यांच्याकडे गणपती, आणि गाडीत बसल्या बसल्या दोघींचं भांडण ठरलेलं. माझा नवरा खोर फक्कानच्या कंटेनर बंदरात नोकरीला, म्हणून आम्ही तिथे राहतो. मुलीला मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत येतं. घरात माझ्या इंग्रजीची कोणाला गरज नव्हती, तेव्हा ते बाहेर शिकवायला निघाले असं म्हटलं तरी चालेल. मला गाडी चालवता येत होती आणि बोलण्यापुरतं अरबी येत होतं. बाईंना दोन्ही येत नव्हतं. कंपनीने मला त्यांची मदतनीस नेमली ती तेवढ्यासाठीच.

प्रौढांना इंग्रजी शिकवायची कंत्राटं ही कंपनी घ्यायची. आमचा वर्ग खोर फक्कानहून उत्तरेला, डोंगरात. समुद्र काही वेळ उजव्या हाताला राहतो, मग रस्ता आत वळतो आणि दोन्ही बाजूंनी नुसते उघडे, तपकिरी कडे. तिथे जुन्या डोंगरी टोळ्यांची वस्ती आहे. तेलाच्या आधीपासून, दुबईच्या आधीपासून, आमच्यासारख्या बाहेरच्या लोंढ्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं तिथे शेळ्या राखून आणि डोंगराच्या उतारावर जव पिकवून राहिलेली. आता सरकारने पक्की घरं दिली आहेत, दारात मोठमोठ्या गाड्या आहेत. पुरुष शहरात नोकरीला जातात, आठवड्याने येतात. मागे बायका राहतात. त्यांची बोली अशी की शारजातला अरबसुद्धा ‘काय म्हणालात?’ असं विचारतो.

बाई शारजाहून बसने यायच्या. डोंगर ओलांडून खोर फक्कानपर्यंत बस, पुढे माझी गाडी. साठी ओलांडलेली बाई, गुडघे दुखणारी, नवरा याच देशात वारलेला, मुलगा पुण्यात. शारजात एका कुटुंबाच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेऊन राहायच्या. परत गेल्या असत्या तर कोणी काही म्हटलं नसतं. पण आठवड्यातून दोनदा त्या बसमधून उतरायच्या, त्या उन्हात छत्री उघडायच्या आणि गाडीत बसता बसता विचारायच्या, "आज काय घ्यायचं गं?" जणू मी ठरवणार होते. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं यालाच म्हणतात, असं मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्या म्हणायच्या, भाजते तर भाजते, तू गाडी बघून चालव.

वस्तीतल्या बायकांना इंग्रजी कशाला हवं होतं ते कंपनीला शेवटपर्यंत कळलं नाही. कंपनीच्या पुस्तकात पहिला धडा विमानतळाचा, दुसरा हॉटेलातल्या खोलीचा. बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं. वस्तीच्या दवाखान्यातली डॉक्टरीण केरळची होती, नर्स फिलिपाइन्सची. दोघींना कामापुरतं अरबी यायचं, पण ते शहराचं अरबी, डोंगराचं नाही. म्हणून बाईमाणूस दवाखान्यात गेलं की दुभाषा म्हणून मुलगा किंवा पुतण्या सोबत न्यायचा. आता पोटच्या पोराच्या तोंडून डॉक्टरला काय सांगणार? डोकं दुखतं, गुडघा दुखतो, इतकंच. बाकीचं तसंच अंगावर काढायचं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि विमानतळाऐवजी शरीर शिकवायला घेतलं. कुठे दुखतं, कधीपासून, जळजळतं की टोचतं, रक्त जातं का. मी लाजून फळ्याकडे तोंड करायची आणि बाई खणखणीत आवाजात ‘ब्लीडिंग’ म्हणवून घ्यायच्या.

त्यातल्या सगळ्यात थोरल्या बाईंना मी खाला म्हणायची. आमच्याकडेही मावशीला खालाच म्हणतात, त्यामुळे जीभ अडखळली नाही. खालांचा शब्द वस्तीत चालायचा. चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा बुरखा. आपण समजतो तो काळा डोक्यापासून पायापर्यंतचा नव्हे, कपाळ, नाक, ओठ आणि हनुवटी झाकणारा कडक, चकाकत्या कापडाचा मुखवटा, मागे दोऱ्यांनी बांधलेला. परक्या पुरुषासमोर तो निघत नसे. आमच्यासमोर त्या तो काढून बाजूला ठेवायच्या आणि मग त्यांचा चेहरा दिसायचा, हनुवटीवर गोंदलेला, हसायला फार उतावीळ. वर्षभर त्यांनी एक दुखणं कोणाला सांगितलं नव्हतं. मुलगा सोबत, म्हणून. मग एके दिवशी त्या सुनेला घेऊन दवाखान्यात गेल्या, सुनेला दारातच बसवलं आणि आत एकट्या जाऊन डॉक्टरणीला सांगितलं, "पेन. हिअर. फ्रॉम रमजान." डॉक्टरणीने मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, उपचार झाले, खाला बऱ्या झाल्या. पुढच्या वर्गात खालांनी ते चार शब्द सगळ्यांना म्हणून दाखवले. बाई नाक शिंकरत होत्या आणि मला दटावत होत्या की एसी फार लावलाय.

आता त्या वस्तीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथेच अडलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खालांनी मधाची बाटली माझ्यापुढे ठेवली. डोंगरातला मध, वर्षाला थोडकाच निघणारा. मी आपल्या सवयीने हात आडवा केला. नको नको, कशाला, राहू दे. आपल्यात हे मानाचंच आहे. देणाऱ्याने आग्रह करायचा, घेणाऱ्याने दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्या फटक्यात घेतलं तर हावरट. पण तिथे दुसरा आग्रह झालाच नाही. बाटली उचलली गेली आणि खालांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. परतताना गाडीत बाईंनी मला फैलावर घेतलं. "अगं, इथे समोर ठेवलेलं परत करायचं नसतं. त्यांनी काढलं म्हणजे ते तुझं झालं. परत केलंस म्हणजे माझं तुमच्यावाचून अडत नाही असं तोंडावर म्हणालीस." पुढचे कितीतरी वर्ग खाला माझ्याशी बेताचंच बोलायच्या. मी पुन्हा तिथे काही परत केलं नाही. शेळीचं दूध उतू जाईपर्यंत प्यायले.

म्हणजे ही रीत बाईंना माहीत होती. त्यांनीच तर मला शिकवली होती.

मग कंपनीत नवी पद्धत आली. तोंडी परीक्षा कॅमेऱ्यासमोर द्यायची. उमेदवाराने लॅपटॉपपुढे बसायचं, चेहरा त्याच्या ओळखपत्राशी जुळला की प्रश्न सुरू होणार आणि उत्तरांची चित्रफीत वर जाणार. ज्या वर्गातून कोणीच परीक्षा देणार नाही तो वर्ग खलास. बाईंचं निवृत्तीचं वय उलटून गेलेलं होतं. त्या वर्गापुरतीच कंपनी त्यांना ठेवून होती, वर्ग गेला की नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर व्हिसा. हे आम्हा दोघींनाही पहिल्या दिवसापासून स्वच्छ कळलेलं होतं.

बाईंनी शारजाला जाऊन सांगितलं की या बायका परक्या पुरुषासमोर चेहरा उघडणार नाहीत, परीक्षक बाई पाठवा आणि ती चित्रफीत बायकांनीच बघावी अशी सोय करा. मॅनेजर म्हणाला, श्युअर मॅडम, इन्शाल्ला. मी स्वतः पाच वेळा नमाज पढणारी बाई आहे, त्यामुळे इन्शाल्ला कुठलं मनापासूनचं आणि कुठलं ऑफिसातलं, ते मला ऐकताक्षणी कळतं. मी बाईंना म्हटलं, हे ऑफिसातलं आहे. तुम्ही बायकांना आत्ताच खरं काय ते सांगा. तुमची नोकरी यावर आहे म्हणावं. त्या काहीतरी वाट काढतील, नवऱ्यांशी बोलतील, मुलांशी बोलतील.

बाई म्हणाल्या, "नाही. माझ्या पोटापाण्याचं ओझं त्यांच्यावर घालायचं नाही. तूही सांगायचं नाहीस."

मला राग आला. अजूनही येतो. माणसाला आपलं म्हणायचं, त्याच्या घरचं मीठ खायचं, त्याची दुखणी ऐकायची आणि आपल्यावर वेळ आली की तोंड शिवून बसायचं, ही कुठली आपुलकी? बाईंना देण्याची फार सवय होती. घेण्याची नव्हती. मध आणि दूध घ्यायच्या, पण ते चमच्याने मोजण्याइतकं घेणं झालं.

मी सांगितलं. खालांची सून वर्गात होती, तिशीतली, चटपटीत, फोनवर माझ्याशी बोलायची. तिला मी सरळ सांगून टाकलं की परीक्षा झाली नाही तर बाई जातील, कायमच्या. कोणाला यात माझी चूक दिसत असेल तर दिसो. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा सांगेन. ती म्हणाली की सासूला सांगते.

परीक्षेच्या दिवशी अर्थातच पुरुष आला. ज्या बाईला पाठवणार होते ती रजेवर होती म्हणे. हा आपल्याकडचाच, भारतातला, तरुण, टाय लावलेला, बोलायला गोड. त्या डोंगरात आपण कुठे आलो याची भीती त्याच्या डोळ्यांत दिसत होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याची कीव आली. बायका मुखवटे बांधून, ओढण्या ओढून बसल्या होत्या. पण पाहुणा तो पाहुणा. खजूर आले, वेलदोड्याची कडू कॉफी आली. पुरे झालं की रिकामा कप हलवून परत द्यायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. तो कप नुसता पुढे धरायचा आणि सून पुन्हा भरायची. शेवटी मीच त्याला हिंदीत म्हटलं, "भाईसाब, कप हिलाओ, नहीं तो रात तक पिलाएँगे." तो ओशाळला. बायका ओढणीआड हसल्या. तेवढंच त्या दिवसातलं हसणं.

मग लॅपटॉप उघडला. पहिली बाई खुर्चीवर बसली, मुखवट्यासकट. पडद्यावर लाल चौकट आली, चेहरा जुळत नाही म्हणून. ती म्हणाली, नो फोटो. उठून गेली. दुसरी बसली, तिनेही तेच केलं. बाईंनी सुचवलं की मध्ये पडदा लावू, आवाज तर आवाज, प्रश्न विचारा, उत्तरं ऐका, बघा त्यांना किती येतं. त्याने खरोखर प्रयत्न केला. बाहेर जाऊन ऑफिसला फोन लावला, रेंज मिळेना म्हणून टेकाडावर चढला. परत येऊन म्हणाला, मॅडम, मैं क्या करूँ, सिस्टीम फेस के बिना आगे ही नहीं जाता. ओळखपत्रावर तुमचा फोटो आहेच की, असंही तो हळूच म्हणाला. त्यावर सुनेने अरबीत सांगितलं की तो एका बाईने काढलाय, बायकांच्या खोलीत. त्याने मान डोलावली. त्यालाही ते पटलेलं होतं. पटून उपयोग नव्हता इतकंच.

बाई उठून फळा पुसायला लागल्या. त्यांच्या मनाने ते सगळं तेव्हाच संपलेलं होतं. पाठमोऱ्या बाईंचे खांदे मला दिसत होते आणि मला कोणाला तरी मारावंसं वाटत होतं.

तेव्हा खाला उठल्या.

त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. लॅपटॉपकडे नीट तोंड केलं, ओढणी मागे सारली आणि दोन्ही हात डोक्याच्या मागे नेले, मुखवट्याची गाठ सोडायला. सुनेने भिंतीकडे तोंड केलं. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या, नको ते दिसू नये म्हणून. तो बिचारा परीक्षकही खिडकीबाहेर बघायला लागला. एकटा कॅमेरा तेवढा बघत होता. पहिली दोरी सुटली. मुखवटा एका बाजूने कलला आणि गोंदलेल्या हनुवटीचा तुकडा दिसला.

मी हलले नाही. कारण मला कळत होतं ते काय चाललंय. वस्तीतली सगळ्यात मानाची बाई, जिने कधी परक्यासमोर ओठ दाखवले नाहीत, ती आपल्या घरातली सगळ्यात मोठी वस्तू काढून बाईंपुढे ठेवत होती. मध नव्हे, शेळी नव्हे. आणि तिला ती ठेवायची होती. तिची अब्रू तिची होती, ती कुठे खर्च करायची हा हक्कही तिचाच होता.

बाईंनी मागे वळून बघितलं. हातातला फळा पुसायचा फडका तसाच खाली पडला. या गुडघ्यांनी इतकं भरभर चालता येतं हे मला तेव्हा कळलं. त्या खालांसमोर आल्या, कॅमेऱ्यावर पंजा ठेवला आणि म्हणाल्या, "नो, खाला, नो. नको. राहू दे. खलास." मग लॅपटॉप मिटवून मागे गेल्या आणि सुटलेली दोरी स्वतःच्या हाताने पुन्हा बांधली. घट्ट गाठ मारली. खालांच्या खांद्यावर थोपटलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण त्या बाईला वाचवलं असं त्यांना वाटत होतं. इतक्या वर्षांच्या शहाणपणानंतर, ऐन वेळी, सदाशिव पेठेतली बाई तोंडाने नको म्हणाली.

खाला तशाच बसून राहिल्या. मुखवट्याच्या भोकांतून नुसते डोळे दिसत होते. मग सावकाश उठल्या आणि बाईंकडे बघून म्हणाल्या, "टीचर. आय गिव्ह. यू नो टेक."

आणि बाहेर गेल्या. पाठोपाठ सून गेली, मग एकेक करून सगळ्या. कोणी दार आपटलं नाही. कॉफीची किटली तिथेच राहिली. परीक्षक थोडा वेळ घुटमळला आणि मला विचारलं, "मॅडम, ‘नॉट अटेम्प्टेड’ लिखूँ?" मी म्हटलं, "लिहा बाबा, काय लिहायचं ते लिहा."

गाडीत समुद्र दिसायला लागल्यावर बाई म्हणाल्या, "काय करायला हवं होतं मी? बघत बसायला हवं होतं?"

"हो," मी म्हटलं.

"तुझी आई असती तर?"

"माझ्या आईने दिलं असतं तर मी घेतलं असतं."

बाईंनी विचारलं, "तू सांगितलंस ना त्यांना?" मी हो म्हटलं. मला वाटलं रागावतील, बोलतील, तासाभराच्या रस्त्यात चांगलं भांडण होईल आणि दोघींना बरं वाटेल. पण बस आली तेव्हा त्या चढल्या आणि पलीकडच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसल्या, मी दिसणार नाही अशा.

जायच्या आधी बाई एकदा वस्तीवर आल्या. मीच घेऊन गेले. पुण्याहून मागवलेली पैठणीच्या काठाची शाल सोबत होती. खालांची गाडी दारात होती, चपला उंबऱ्याशी होत्या. सून दारात आली आणि म्हणाली सासू घरी नाही. शाल तिने घेतली, कारण त्यांच्यात समोर आलेलं परत करत नाहीत. आत या म्हणाली नाही. तसं त्या वस्तीत माझ्यासमोर कधी घडलेलं नव्हतं. आम्ही गाडीत बसलो. बाई म्हणाल्या, घरीच नाहीत तर काय करणार. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना माहीत होतं.

मग तो केक, ते भाषण, ती जांभळी साडी, आणि विमान.

कंपनीने मला शारजाचा ऑनलाइन वर्ग दिला. धडे आधीच भरून ठेवलेले आहेत, मी फक्त हजेरी बघायची. माणसं लॉगिन करतात, कॅमेरा बंद ठेवतात आणि बहुधा झोपतात. हजेरी उत्तम आहे. मॅनेजर खूश आहे. मी महिन्याच्या महिन्याला पगार घेते आणि मनातून त्याला शिव्या देते, म्हणजे आमचं दोघांचंही बरं चाललंय.

मध्ये एकदा मला वस्तीवर जावं लागलं. वर्गाच्या खोलीत कंपनीचा प्रोजेक्टर राहिला होता, तो आणायचा होता. पाहुणचार टाळून निघून येणं तिथे जमत नाही. खालांच्या घरी बसवलं. खजूर आले, फळं आली, कॉफी आली. खाला समोर बसल्या, मुखवटा बांधलेला. मी एकटीच होते, परका पुरुष कोणी नव्हता, तरी बांधलेला. शेजारी त्यांचा मुलगा बसला होता, सुट्टीवर आलेला. चांगला मुलगा आहे, आईला उशी द्यायला, पाणी द्यायला दर वेळी स्वतः उठत होता.

मी नेहमीसारखं इंग्रजीत विचारलं, "हाऊ आर यू, खाला?"

त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलाने माझा प्रश्न त्यांना त्यांच्या बोलीत सांगितला. त्या त्याला काहीतरी म्हणाल्या. त्याने माझ्याकडे वळून इंग्रजीत सांगितलं की आई म्हणते, अल्लाची कृपा आहे, ती बरी आहे.

मी त्याला अरबीत म्हटलं की तुझ्या आईला इंग्रजी येतं. तो हसला. त्याला वाटलं मी पाहुणी म्हणून गोड बोलतेय. त्याने आईला विचारलंही, तुला येतं का? खालांनी हात हलवला. नाही, मला येत नाही, म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. खरंच येत नाही अशा सुरात म्हणाल्या आणि माझा कप भरायला सुनेला खूण केली. मी सांगितल्याचं बाईंना आवडलं नव्हतं, तेही मी सोसलं. पण हे मला सोसवेना. मी कॉफी तशीच घशाखाली ढकलली आणि प्रोजेक्टर घेऊन निघाले.

बाईंचा फोन शुक्रवारी येतो. पुण्यात त्यांना करमत नाही. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, सकाळी फिरायला जातात, असं सगळं सांगतात. त्या शुक्रवारी वस्तीवर गेले होते म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, खाला दिसल्या का, कशा आहेत, इंग्रजी बोलल्या का? मी खोटं बोलू शकले असते. ‘डेडिकेटेड’ म्हणणाऱ्यांना तसं जमतं. मी जसं घडलं तसं सांगितलं, मुलाने दुभाष्याचं काम केलं तेही सांगितलं.

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

मग बाई म्हणाल्या, "आणि आता त्यांना कुठे दुखलं तर गं?"

"मुलगा आहे ना सोबत," मी म्हटलं.